ल्योंमधली सुट्टी, होसकोट्याची बस

मला नुसतं हिंडता येत नाही. कुठे, कशासाठी आणि किती वाजेपर्यंत, हे ठरल्याशिवाय माझे पाय घराबाहेर पडत नाहीत. बायको म्हणते, "तू बागेतसुद्धा बसस्टॉपवर बसल्यासारखा बसतोस." ती पुण्याची आहे, माणसाला शब्दांत पकडण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. आमच्या घराण्याची पाचवी पिढी बेंगळुरात. आमचं कन्नड शब्द मिसळलेलं मराठी तिच्या मते 'सरी-स्वल्पवालं'. पण त्या मराठीतही 'भटकणं' या शब्दाला आमच्या बसवनगुडीच्या घरात कधी बरा अर्थ नव्हता.

मागल्या वर्षी मे महिन्यात कंपनीने मला तीन आठवड्यांसाठी फ्रान्सला पाठवलं. ल्यों नावाचं जुनं शहर, मधून दोन नद्या वाहतात, दोन बाजूंना दोन टेकड्या. मी रोज हॉटेलातून ऑफिसात आणि ऑफिसातून हॉटेलात, बेंगळुरातल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत करतो तसंच. मग एका गुरुवारी तिथे कुठल्याशा ख्रिस्ती सणाची सुट्टी आली. आदल्या दिवशी तिथली एक सहकारी बाई, निवृत्तीला आलेली, माझ्या टेबलाशी आली आणि एका कागदावर तिने पेनने रेघ ओढून मला वाट काढून दिली. नदी, पूल, जुनी वस्ती, टेकडी, पुन्हा नदी, दुसरी टेकडी. म्हणाली, "सगळं पायी. आणि सावकाश. घाई केलीस तर आमचं गाव तुला दिसणारच नाही."

सकाळी आठ वाजता मी घरी फोन केला. आपल्याकडे साडेअकरा झाले होते. फोन वडिलांनी उचलला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय एकोणऐंशी. आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात.

"आज काय काम?" त्यांनी विचारलं.

"काम नाही, सुट्टी आहे. गाव बघणार. पायी."

"एकटाच?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. "बघ, बघ. पाय आहेत तोवर बघून घ्यावं."

मी हसलो आणि फोन ठेवला.

सॉन नदीवरचा पायपूल ओलांडून मी जुन्या वस्तीत शिरलो. गुलाबी, पिवळट, गेरूच्या रंगाची चार-पाच मजली घरं, इतकी जवळजवळ की समोरच्या खिडकीतल्या माणसाला ताट देता यावं. सुट्टीमुळे दुकानं बरीचशी बंद. लोक मात्र रस्त्यावर, कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं. एक जोडपं एका दुकानाच्या काचेतून आतल्या टोप्या बघत उभं होतं. मी पुढे जाऊन चर्च बघून परत आलो तरी तिथेच. मी मात्र कागदावरच्या खुणांवर मनातल्या मनात टिकमार्क करत होतो. चर्च झालं. चौक झाला. पावणेदहाला मी अर्धी रेघ संपवत आणली होती.

त्या वस्तीची एक गंमत आहे. साध्या घरासारखं दार ढकलायचं, की आत अंधारा बोळ लागतो. तो घरांच्या पोटातून, अंगणातून, गोल जिन्यापाशी वळून थेट पलीकडच्या रस्त्यावर निघतो. पूर्वी माल भिजू नये म्हणून लोक या वाटांनी जायचे म्हणे. आत लोक राहतात, म्हणून भिंतीवर पाटी असते, आवाज करू नका. मी एका बोळाच्या मधोमध होतो, वर आकाशाचा चौकोनी तुकडा, आणि माझा फोन वाजला.

बायको होती. "अण्णा घरात नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीत. मी साडेअकराला मीटिंगला बसले, पाऊण वाजता जेवायला म्हणून बाहेर आले तर खोली रिकामी. चप्पल नाही, काठी नाही. फोन इथेच आहे, चार्जिंगला."

"बागेत असतील."

"बघून आले. देवळापाशीही बघितलं. खालच्या अक्कांनाही विचारलं. त्यांनी बाहेर जाताना बघितलं नाही."

खालच्या अक्का म्हणजे आमच्या तळमजल्यावरच्या कन्नड बाई. सकाळभर त्यांचं दार उघडं असतं, कोण आलं कोण गेलं हे त्यांना कळल्याशिवाय राहत नाही. त्यांनाही दिसले नाहीत, हे ऐकल्यावर मी पहिल्यांदा घाबरलो.

कारण होतं. जानेवारीत अण्णा बसमधून उतरताना पडले होते. हाड मोडलं नाही, पण कपाळाला सहा टाके पडले. एका अनोळखी रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. तेव्हापासून मी नियम केला होता. घर, बाग, देऊळ, कोपऱ्यावरचं कॉफीचं दुकान. त्यापलीकडे एकट्याने जायचं नाही. अण्णांनी तो नियम मुकाट्याने ऐकून घेतला होता. मला वाटलं होतं, पटला.

"दार लावून बसतेस, मग कसं कळणार तुला?" मी म्हणालो.

मग ती शांतपणे म्हणाली, "हे तू तिकडून बोलू नकोस. कुठे जाऊ शकतील तेवढं सांग."

माझा आवाज त्या बोळात घुमत असावा. वरची एक खिडकी उघडली, पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या बाईने खाली बघून ओठांवर बोट ठेवलं. मी हात जोडले. त्या गावात हात जोडण्याचा काही अर्थ नसेल, पण दुसरं काही सुचलं नाही. पलीकडच्या दाराने बाहेर पडलो तर भलत्याच रस्त्यावर. कुठे आहे ते कळेना.

मी बायकोला जागा सांगितल्या. गांधी बझारमधलं जुनं हॉटेल, जिथे ते डोसा खातात. वाचनालय. माझ्या आत्याचं घर. जयनगरात त्यांचे एक चष्म्याचे डॉक्टर. ती म्हणाली, "सगळीकडे फोन करते. अक्कांचे मिस्टर स्कूटर घेऊन निघालेत. तू तुझं चालू दे. तिथून तू काय करणार?"

खरंच, काय करणार? हॉटेलात जाऊन खोलीत बसलो असतो तर भिंती अंगावर आल्या असत्या. म्हणून मी चालत राहिलो. कागदावरची रेघ टेकडीकडे जात होती, मीही गेलो. वर जायला छोटी रेल्वे आहे, ती सोडून मी पायऱ्या धरल्या. शंभर झाल्या, दोनशे झाल्या, पुढे मोजल्या नाहीत. दर वळणावर थांबून फोन बघायचो. चढताना दम लागला की बरं वाटायचं. निदान काहीतरी करतोय असं वाटायचं.

वर रोमन लोकांनी बांधलेलं उघडं नाट्यगृह आहे, दगडी पायऱ्यांचं अर्धवर्तुळ. दोन हजार वर्षांपूर्वीचं. लोक त्या पायऱ्यांवर ऊन खात पडले होते. एक मुलगी पुस्तक वाचत होती. खाली सगळं गाव लाल कौलांचं पसरलं होतं, दोन्ही नद्या दिसत होत्या. त्या सगळ्याकडे मी बघत होतो आणि मला दिसत होता फक्त बेंगळुरातल्या के. आर. मार्केटचा चौक, तिथली बसची झुंबड, आणि तिच्यात पांढऱ्या शर्टातला एक काठी घेतलेला माणूस. मी एका पायरीवर बसलो. दोन मिनिटांत उठलो. दुसऱ्या पायरीवर बसलो. ती मुलगी पुस्तकातून डोकं वर काढून माझ्याकडे बघू लागली, तेव्हा तिथून निघालो.

अकराला बायकोचा फोन. आपल्याकडे अडीच. "कुठेच नाहीत. आत्या रडायला लागल्यात. पोलिसात जाऊ का?"

"थोडं थांब."

"किती थांबू? तू सांग ना, किती?"

पोलिसात जायचं म्हटलं की मग तो फोटो, ती उंची, अंगावरच्या कपड्यांचं वर्णन. सकाळी फोनवर ते कोणते कपडे घालून होते हे मला कुठे माहीत होतं? पांढरा शर्ट मीच माझ्या मनाने घातला होता त्यांना.

"चारपर्यंत," मी म्हणालो. "चारला जा."

आणि मग मला राग आला. बायकोचा नाही, अण्णांचा. फोन मुद्दाम ठेवून गेले. चार्जिंगला लावून गेले, म्हणजे विसरले नव्हते. टेकडी उतरताना मी मोठ्याने बोलत होतो, मराठीत. तिथे कुणाला कळणार होतं? एवढं जपतो, एवढं करतो, आणि हे असे! एका वळणावर पाय घसरला, कठडा धरला म्हणून वाचलो. तळहात खरचटला. तेव्हा गप्प झालो.

जेवलो नाही. नदी ओलांडून दुसऱ्या टेकडीच्या चढाला लागलो. ही टेकडी विणकरांची. पूर्वी इथे घरोघर रेशमाचे माग होते. माग उंच, म्हणून घरांची छतं उंच, खिडक्याही उंच. आता तिथे चित्रकार आणि ऑफिसातली माणसं राहतात. पण एका गल्लीत एक जुनं वर्कशॉप सुट्टी असूनही उघडं होतं, लोकांना दाखवण्यासाठी. मी आत गेलो तो केवळ बाहेर उभं राहवेना म्हणून.

आत सात-आठ माणसं अर्धगोल करून उभी. मध्ये लाकडी माग, आणि त्याच्यापाशी सत्तरीचा एक माणूस, निळा कामाचा कोट घातलेला. तो काही समजावून सांगत होता, फ्रेंचमध्ये. मला एक अक्षर कळत नव्हतं. मध्येच माग अडला. त्याने बोलणं थांबवलं, खाली वाकला, एक बारीक पाना घेतला आणि कुठलासा बोल्ट पाव आटा फिरवला. फिरवून झाल्यावर त्याने बोटाच्या पेराने त्या जागेवर दोनदा टकटक केलं आणि कान लावून ऐकलं.

अण्णा असंच करतात. घरातला पंखा असो, नळ असो, दुरुस्त झाला की पेराने टकटक करून ऐकतात. सव्वीस वर्षं ते बेंगळुराबाहेरच्या होसकोट्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. पहाटे कंपनीच्या बसने जायचे. आणि तिथे त्यांच्या शेजारच्या लेथवर एक कन्नड माणूस होता, होसकोट्याचाच, ज्याने त्यांना ती सवय लावली. "डोळे फसवतात, लोखंड खोटं बोलत नाही," असं तो म्हणायचा, असं अण्णा आम्हाला लहानपणी सांगायचे. दर वर्षी तो उगादीला, म्हणजे पाडव्याला, बेवू-बेल्ल, कडुनिंब आणि गूळ, घेऊन आमच्या घरी यायचा. दिवाळीचा आमचा फराळ त्याच्या घरी जायचा. दीड वर्षापूर्वी त्याला लकवा झाला, वाचा गेली.

मला तिथेच उभ्या उभ्या आठवलं. फेब्रुवारीत अण्णा म्हणाले होते, "होसकोट्याला एकदा जायला हवं. तू नेशील?" मी म्हणालो होतो, नेईन, पुढच्या रविवारी. मार्चमध्ये पुन्हा. मुलाची परीक्षा होती. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालो होतो, "अण्णा, तिकडे सध्या रस्त्याचं काम चाललंय, फार ट्रॅफिक असतं." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

बाहेर येऊन फोन लावला. "होसकोटे," मी म्हणालो. "अण्णांच्या फोनमध्ये बघ, त्यांचे जुने मित्र. नंबर असेल."

"मी सगळे कॉल बघितले. तुझ्याशिवाय कुणाला फोनच नाही केलेला."

"कॉल नाही. नावं बघ."

तो साधा बटणांचा फोन. ती एकेक नाव वाचत गेली. आत्या, गॅसवाला, डॉक्टर, माझं नाव, तिचं नाव. मग म्हणाली, "इथे 'टूलरूम' असं एक आहे."

"तेच."

"थांब, लावते."

ती सहा-सात मिनिटं असतील. मी त्या गल्लीत उभा होतो. समोर एक बाई गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती, पाणी खाली फुटपाथवर थेंब थेंब पडत होतं. फोन वाजला.

"आहेत," बायको म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "तिथेच आहेत. दोन वाजता पोचले. जेवलेसुद्धा. त्यांच्या सुनेने फोन उचलला. तिला वाटलं आपल्याला माहितीये. मी जाते घ्यायला."

मी भिंतीला टेकून तिथेच फुटपाथवर बसलो. मग सुनेचा नंबर घेऊन मीच फोन केला. तिने अण्णांकडे दिला.

"हं," अण्णा म्हणाले, रोजच्यासारखे.

"अण्णा, सांगून जायचं ना!"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

मी खरचटलेला तळहात पँटला पुसला.

"मार्केटपर्यंत रिक्षा केली," ते म्हणाले, "तिथून बस. बसायला जागा मिळाली. उतरताना कंडक्टरने हात दिला. तू कुठे आहेस आत्ता?"

"टेकडीवर."

"एकटाच ना?"

"हो."

"मग मी काय वेगळं केलं?" ते चिडले नव्हते. खरोखर विचारत होते. मग म्हणाले, "सरी, ठेवतो. ह्याला कॉफी पाजायचीय, निवेल. चमच्याने द्यावी लागते, स्वल्प वेळ लागतो."

फोन कट झाला. माझे अण्णा, ज्यांना मी आंघोळीनंतर फरशी पुसल्याशिवाय चालू देत नाही, ते होसकोट्यात बसून दुसऱ्या माणसाला चमच्याने कॉफी पाजत होते.

त्यानंतर खरं तर मी निवांत हिंडायला हवं होतं. दुपारचा एकही वाजला नव्हता, ऊन छान होतं, निम्मं गाव शिल्लक होतं. पण बेचैनी कमी होईना, ती फक्त आकार बदलून बसली. खाली उतरलो, नदीकाठच्या एका बाकावर बसलो, उठलो. गुलाबी साखरेच्या बदामांची एक पेस्ट्री घेतली, दोन घास खाल्ले आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवली. ज्या पुलावरून सकाळी आलो त्याच पुलावरून तीनदा अलीकडे-पलीकडे गेलो. बायको त्यांना आणायला टॅक्सीने गेली होती, तिचे मेसेज येत होते. पोचले. निघतोय. के. आर. पुरमला अडकलोय. पाच वाजता शेवटचा आला. घरी आलो, अण्णा हातपाय धुताहेत. आणि त्याखाली आणखी एक. 'तू जे बोललास ते मी विसरलेले नाही.'

मी लगेच फोन करून माफी मागितली. "समोर येऊन माग," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

शनिवारी निघालो, रविवारी सकाळी घरी. बॅग दारात ठेवली तेव्हा अण्णा बाल्कनीत शेंगा सोलत बसले होते. आधी बायकोपाशी जाऊन जे मागायचं होतं ते मागितलं. मग अण्णांसमोर स्टूल ओढून बसलो, मीही शेंगा घेतल्या.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "न्यायला हवं होतं. तीनदा म्हणालात तुम्ही."

"चारदा," ते म्हणाले. "एकदा तू हेडफोन लावला होतास."

आम्ही शेंगा सोलत राहिलो.

"पण त्याच दिवशी का?" मी विचारलं. "मी इथे असताना गेला असतात तर निदान..."

"तू असताना नसतं जमलं." त्यांनी सालं वाटीत टाकली. "तू वाईट नाहीस. पण तू समोर असलास की मला आधी माझा तोलच आठवतो. जिना उतरतानासुद्धा. तू फ्रान्सात होतास, म्हटलं आज मी जरा मोकळा आहे. फोन नेला असता तर तू पाच मिनिटांनी विचारलं असतंस, कुठे पोचलात. मग मी बसमध्ये काय बघणार?"

"काय बघितलं?"

"सगळं बदललंय. आमचा कारखाना होता तिथे गोदाम आहे. चहाची टपरी आहे अजून." ते हसले. "त्याने ओळखलं मला. बोलता येत नाही, पण डावा हात चालतो. माझ्या कपाळावरची खूण बघितली आणि पेराने टकटक केलं."

त्यांनी स्वतःच्या कपाळावर करून दाखवलं.

त्यानंतर आमच्यात एक करार झाला, भांडून भांडून. दर पंधरवड्याला, बुधवारी, अण्णा होसकोट्याला जातात. मार्केटपर्यंत रिक्षा, तिथून बस, गर्दीची वेळ टाळून. फोन खिशात असतो, पण मी करायचा नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. ते मित्र खिडकीपाशी बसले होते, खूपच बारीक झालेले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. अण्णा त्यांच्याशी कन्नडमध्ये एकटेच बोलत होते. लेथ, जुना फोरमन, बोनस. मित्राचे डोळे हसत होते. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होतो. येताना अण्णा म्हणाले, "तू पुन्हा नको येऊस. तू आलास की त्याच्या सुनेला वाटतं आम्हाला निघायचंय."

ते बरोबर होतं, तरी लागलं.

बुधवार आला की मला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या काचेच्या इमारतीत काम सुचत नाही. अकराला वाटतं बसमध्ये चढले असतील. एकला वाटतं उतरले असतील, कंडक्टरने हात दिला असेल का? मीटिंगमध्ये फोन टेबलावर उताणा ठेवतो. सहकाऱ्यांना वाटतं घरी कुणी आजारी आहे. कुणी आजारी नाही. एक म्हातारा माणूस बसने मित्राकडे जातोय, एवढंच. पण ते 'एवढंच' दिवसभर माझ्याने गिळवत नाही.

गेल्या बुधवारी दुपारी साडेतीनला त्या सुनेचा फोन आला. ती कधी मला फोन करत नाही. मी उठलो, खुर्ची मागे पडली, बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो.

"अण्णा निघाले का?" मी विचारलं.

"हो, आत्ताच बसमध्ये बसवलं," ती कन्नडमध्ये म्हणाली. "त्यांचा डबा इथेच राहिलाय. धुऊन ठेवलाय. वहिनी शोधतील म्हणून सांगितलं."

मी तिचे आभार मानले. कॉरिडॉरच्या काचेतून उंचावरचा रस्ता दिसत होता, गाड्या खोळंबलेल्या. अण्णांची बस भलत्याच दिशेला होती, तिथून दिसणं शक्यच नव्हतं. तरी मी बराच वेळ बघत उभा राहिलो, मग आत जाऊन खुर्ची उचलली.